टाक्या मोजल्या, गॅस नाही

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना आणली. २०२३ पर्यंत कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे ५,००० प्रकल्प उभे राहणार होते. मुदत उलटली तेव्हा चालू प्रकल्पांची शंभरीही भरली नव्हती. कर्ज मिळत नाही, खत खपत नाही, ही कारणे खोटी नाहीत. पण हीच फजिती महाराष्ट्राने आधीच्या दशकात पाहिली होती, आणि तिच्यातून कुणी काही घेतले नाही, ही खरी बोच. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर लागलेले दिवे, मग खादी आयोगाच्या तरंगत्या टाक्या, हा इतिहास भाषणांतून पुरेसा उगाळून झाला आहे.

पाहायचे ते २००८ नंतरचे दशक. ओल्या कचऱ्यातून गॅस काढण्याचे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ तंत्र हाताशी होते, उरुळी देवाची-फुरसुंगीचे गावकरी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवत होते, म्हणून शहरात पाच-पाच टनांचे वीसेक प्रकल्प वस्त्यांत आले. कल्पना चांगलीच होती. पण टाकीतले एक जिवाणू अन्नाची आम्ले करतात आणि दुसरे, फार संथ, त्या आम्लांचा मिथेन करतात. उष्टेखरकटे भसकन ओतले की पहिले सुसाट सुटतात, टाकी आंबते, सामू (पीएच) ६.५ च्या खाली गेला की गॅस आटतो. त्यात करवंट्या, हाडे, दुधाच्या पिशव्या आल्या की क्रशर अडलाच! म्हणजे रोज ठरावीक वजनाचा, निवडलेला कचरा हवा आणि सामू पाहणारा माणूस हवा. आपण मात्र ‘पाच टनांचा प्रकल्प’ म्हणजे पाच टन जिरले असे धरून चाललो, आणि बहुतेक टाक्या अर्धपोटी राहिल्या.

लहान प्रकल्प परवडतच नाहीत, असे यावर सांगतात, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंदूरच्या ५५० टनी प्रकल्पाकडे बोट दाखवतात. पण इंदुरात घरोघरचा ओला कचरा आधी वेगळा झाला, प्रकल्प मागाहून आला. उलट नाशिकजवळ विल्होळीला २०१७ मध्ये जर्मन मदतीने सुरू झालेला प्रकल्प आकाराने लहानच. त्याची अक्कल मिश्रणात आहे. हॉटेलांतल्या अन्नकचऱ्यासोबत शौचालयांचा मैला पचवला की मैल्यातला अमोनिया आम्लाला आवर घालतो. लोक कचरा वेगळा करत नाहीत, ही तक्रारही अर्धीच खरी. हॉटेले, मंगल कार्यालये, खानावळी यांचा कचरा बराच एकजिनसी असतो; तिथून सुरुवात करायला कुणी अडवले होते?

म्हणून असे प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे क्षमतेवर देऊ नयेत, मोजलेल्या गॅसवर द्यावेत. कचराच घाण आला तर तो काय करणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून करारात मिश्र कचऱ्याच्या प्रत्येक गाडीमागे पालिकेलाही दंड हवा. अशी अट घालायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. ती २००८ मध्येही घालता आली असती.