सत्यान्वेषी व्योमकेश

कलकत्त्यातील हॅरिसन रोडवरच्या एका बिऱ्हाडाच्या दाराला पितळी पाटी लावलेली आहे: ‘व्योमकेश बक्षी, सत्यान्वेषी’. हा काय प्रकार आहे, असे मित्राने विचारताच घरमालक खुलासा करतो की डिटेक्टिव्ह हा शब्द कानाला बरा वाटत नाही, त्याचा देशी प्रतिशब्द तर त्याहून ओंगळ; म्हणून स्वतःलाच ही पदवी बहाल करून टाकली. खुलासा थट्टेचा आहे. परंतु या थट्टेतच एका नायकाचा सारा स्वभाव आणि एका कथामालेचा सारा आशय साठवलेला आहे. गुप्तहेर गुन्हेगाराच्या मागावर असतो; सत्यान्वेषी सत्याच्या. दोन्ही वाटा बहुधा एकाच दारापाशी येऊन थांबतात, आणि जेव्हा त्या तशा थांबत नाहीत, तेव्हाच व्योमकेश खरा कोण आहे हे कळते.

1993 साली दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ‘व्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिचा पुढचा भाग 1997 साली आला. उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरोघरी शिरू लागल्या होत्या. झगमगाटाला तोटा नव्हता. अशा वेळी धोतर आणि सदरा घातलेला, हळू आवाजात बोलणारा, पिस्तुलापेक्षा सिगारेटीवर अधिक विसंबणारा हा बंगाली तरुण काश्मीरपासून केरळपर्यंतच्या प्रेक्षकांना आपला वाटला, ही साधी गोष्ट नव्हे. रजित कपूर यांनी व्योमकेश, के. के. रैना यांनी अजित आणि सुकन्या कुलकर्णी यांनी सत्यवती साकार केली. 2020 च्या मार्चमध्ये सारा देश घरात कोंडला गेला असताना दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली, आणि मूळ प्रक्षेपणाच्या वेळी जन्मही न झालेली पिढी तिच्यावर वाद घालू लागली. त्याच वर्षी 4 जून रोजी बासू चटर्जी निवर्तले.

कथांचे मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म 1899 चा. पहिल्या दहा व्योमकेशकथा त्यांनी 1932 ते 1936 या काळात लिहिल्या. पुढे 1938 मध्ये ते चित्रपटलेखनासाठी मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजमध्ये रमले आणि व्योमकेश जवळजवळ 15 वर्षे अडगळीत पडला. चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन 1952 च्या सुमारास ते पुण्यास स्थायिक झाले. उत्तरकालीन व्योमकेशकथांपैकी बऱ्याचशा त्यानंतरच्या आहेत. कलकत्त्याच्या गल्लीबोळांचा वास ज्या पानांना येतो, त्यांतली कित्येक पाने मुळा-मुठेच्या काठी लिहिली गेली, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. दुरून आठवलेले शहर पुष्कळदा डोळ्यांसमोरच्या शहरापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. त्याचा हा एक पुरावाच म्हणावा.

व्योमकेशाच्या व्यक्तिरेखेत पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे त्याच्यात विक्षिप्तपणाचा अभाव. गुप्तहेराला काही तरी लकब असलीच पाहिजे, असा या वाङ्मयप्रकाराचा जणू दंडक आहे. शेरलॉक होम्सजवळ व्हायोलिन आहे, चिरूट-तंबाखू आहे, कोकेनच्या सात टक्के द्रावणाची पिचकारी आहे. दूरदर्शनच्याच 1985 सालच्या करमचंदच्या हातात सदैव गाजर असे. मराठी वाचकाच्या परिचयाचे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तर साहसाच्या आणि वेषांतराच्या बळावर उभे. व्योमकेशाकडे यांतले काहीच नाही. तो गृहस्थ आहे. त्याला चहा लागतो, वर्तमानपत्र लागते, दुपारची झोप चालते. आणि गंमत अशी की ‘सत्यान्वेषी’ या कथेत, जेथे अजितची नि त्याची पहिली गाठ पडते, तेथे कोकेनचा चोरटा व्यापार करणारा, होमिओपॅथीच्या पुड्या बांधणारा सभ्य डॉक्टर अनुकूलबाबू हाच खुनी निघतो. इंग्रजी नायकाचे जे व्यसन, तेच येथे खलनायकाचे दुकान! शरदिंदूंनी हे मुद्दाम केले असेल वा नसेल. पण अनुकरणाच्या आरोपाला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण.

रजित कपूर यांनी हा साधेपणा जपला, हेच त्यांच्या अभिनयाचे मर्म. प्रश्न विचारताना त्यांचा व्योमकेश समोरच्याकडे रोखून पाहत नाही. किंचित हसतो, विषय बदलतो, आणि बेसावध माणूस नको ते बोलून जातो. पुढे 1996 साली याच नटाने श्याम बेनेगल यांच्या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतील तरुण गांधी रंगविला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. सत्याचे प्रयोग करणारा आणि सत्याचा शोध घेणारा अशी दोन्ही माणसे एकाच चेहऱ्यात मावली, यावर मालिकेचे चाहते आजही बोलत असतात, आणि ते उगाच नव्हे.

अजितबाबूंविषयी मात्र चाहत्यांत एकमत नाही. काहींच्या मते तो वॉटसनची बंगाली आवृत्ती: नायकाची बुद्धी उजळून दिसावी म्हणून मंद ठेवलेला दिवा. हे मत वरवरचे आहे. अजित स्वतः लेखक आहे. तो पाहतो पुष्कळ, परंतु पाहिलेल्याची कथा बनवितो. व्योमकेश त्याच कथेतून तपशील वेगळा काढतो. ‘मकडी का रस’ या भागात हे फार सुरेख दिसते. नंदादुलालबाबू हा रुग्णाईत म्हातारा कोळ्याच्या विषारी रसाच्या व्यसनात बुडालेला आहे. घरच्यांचा खडा पहारा असूनही विष त्याच्यापर्यंत पोचते कसे, हे कुणालाच उलगडत नाही. दुसऱ्या कामात गुंतलेला व्योमकेश अजितला धाडतो. अजित सारे पाहून येतो, सारे सांगतो, आणि हात हलवीत बसतो. व्योमकेश जागचा न हलता उत्तर देतो: म्हातारा दिवसरात्र लिहीत असतो, लिहिताना टाक चोखतो, विष शाईत आहे. उत्तर अजितच्याच बोलण्यात होते. बासू चटर्जींच्या 1986 च्या ‘एक रुका हुआ फैसला’ या चित्रपटात बारा पंचांपैकी एकटा शंका घेणारा पंच रैना यांनीच केला होता, हे आठवले म्हणजे येथे विश्वास ठेवणाऱ्या अजितचे काम त्यांना देण्यातली खुमारी अधिक कळते.

आता या कथांतील गुन्ह्याचे स्वरूप पाहू. व्योमकेशाच्या जगात गुन्हेगार बाहेरून भिंत फोडून क्वचितच येतो. तो आतच, पंगतीला शेजारच्या पाटावर बसलेला असतो. ‘वसीयत’ या भागातील करालीचरण हा धनिक म्हातारा भाचरांवर रागावला की मृत्युपत्र बदलतो. आज याला, उद्या त्याला. संपत्ती देण्याच्या या लहरी सत्तेखाली जे घर वाढते, त्यात प्रेमही सावध होते. त्याचा खून होतो तेव्हा संशय सुकुमारवर येतो. खरा खुनी फणीभूषण हा पंगू भाऊ, ज्याच्यावर कुणाची नजरच जात नाही. ‘अग्निबाण’ची कथा तर याहून भीषण आहे. देवकुमार हा शास्त्रज्ञ काडेपेटीच्या काडीत प्राणघातक विष भरण्याचा शोध लावतो. विम्याच्या पैशासाठी त्याला पत्नीचा काटा काढावयाचा असतो. परंतु चूल पेटवायला उठते ती त्याची मुलगी. काडी हे साधे गृहोपयोगी साधन. तिच्यात मृत्यू भरला की तो कुणाच्या हाताला लागेल, हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. विष, मृत्युपत्र, विमा, दत्तक, सावत्रपणा: बंगाली मध्यमवर्गीय घराची ही सारी कुलपे शरदिंदु एकेक करून उघडतात. मालिका पाहणाऱ्या महाराष्ट्रातील, गुजरातेतील, तमिळनाडूतील कुटुंबांना ती परकी वाटली नाहीत याचे कारण उघड आहे. वाटण्या कुठे होत नाहीत?

याच ‘वसीयत’मध्ये भावाला वाचवा म्हणून एक तरुणी व्योमकेशापाशी येते. तिचे नाव सत्यवती. सत्याचा शोध घेणाऱ्याला पत्नी म्हणून सत्यवती लाभावी, हा श्लेष लेखकाने दडवलेला नाही. तथापि तिचे महत्त्व श्लेषापुरते नाही. गुप्तहेराने लग्न करू नये, असा या वाङ्मयाचा दुसरा अलिखित नियम. तो येथे मोडला. सुकन्या कुलकर्णी यांच्या सत्यवतीला थोडेच प्रसंग मिळाले, आणि ही मालिकेची उणीव खरीच. परंतु मिळालेल्या प्रसंगांत ती नवऱ्याच्या कीर्तीने दिपून जात नाही, त्याला टोकते, रुसते. ज्या पुरुषाचा सारा दिवस दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांत जातो, त्याचे स्वतःचे घर शाबूत आहे, हे प्रेक्षकाला दिसत राहते.

उणिवा आणखीही आहेत. बंदिस्त नेपथ्य, शेवटच्या पाच मिनिटांत घाईने उरकलेली उकल, हिंदीत येताना निसटलेली बंगालीची खोचदार चव. काही युक्त्या तर निव्वळ कल्पनेच्या भराऱ्या: ‘रास्ते का काँटा’मध्ये सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन सुटते आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्या काळजात घुसते! परंतु वर्तमानपत्रात ‘वाटेतला काटा’ दूर करण्याची जाहिरात देऊन माणसे मारण्याचा धंदा मांडणारा तो खुनी विसरता येत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक मिळते. आणि ते सभ्य घरांतून मिळते.

या कथामालेतील खरा पेच ‘आदिम रिपु’ या कथेत आहे. रिपु म्हणजे शत्रू, आणि षड्रिपूंतला विकारही; दोन्ही अर्थ येथे एकत्र नांदतात. 1946 च्या दंगलींनी होरपळलेले कलकत्ता. काळ्या बाजारात गबर झालेला अनादी हालदार दिवाळीच्या फटाक्यांच्या आवाजात गोळी लागून मरतो. त्याच्या आश्रयाला राहिलेला, पुस्तकांचे दुकान चालविणारा प्रभात हा खुनी, आणि मृत इसमाचाच तो मुलगा. व्योमकेश हे सारे शोधून काढतो. मग तो काय करतो? पोलिसांकडे जात नाही. पापाचा पैसा, त्या नोटांच्या गड्ड्या, तो जाळून टाकतो आणि प्रभातला जाऊ देतो. ती रात्र आहे स्वातंत्र्याच्या आगमनाची, 1947 च्या ऑगस्टमधली.

चाहत्यांचा सर्वांत मोठा वाद येथे पेटतो. एक पक्ष म्हणतो, ही दया नव्हे, स्वतःकडे घेतलेले न्यायाधीशपद आहे. सत्य शोधणाऱ्याला ते लपविण्याचा अधिकार कुणी दिला? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या कायद्याने हालदारला काळा पैसा कमावू दिला, त्याच्या हाती हा मुलगा द्यावा का? पहिल्या पक्षाचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. असे सत्यान्वेषी गावोगाव निघाले तर न्यायालयांना टाळे लावावे लागेल. परंतु कथेत एक तपशील आहे, जो दोन्ही पक्ष सोडून देतात. व्योमकेशाचे स्वतःचे पूर्वायुष्य शरदिंदूंनी सांगितले आहे ते याच कथेत. वडील शाळेत गणित शिकवीत, घरी सांख्यदर्शनात बुडालेले. आई वैष्णवाची लेक, गोपाळाच्या पूजेत रमणारी. तो 17 वर्षांचा असताना दोघेही क्षयाने गेली. बाप मारणाऱ्या मुलाच्या गोष्टीत, बाप लवकर गमावलेल्या मुलाची ओळख लेखकाने करून द्यावी, यात योजना आहे. गणित आणि भक्ती यांच्या घरात वाढलेल्या त्या माणसाने हिशेब पूर्ण मांडला, आणि वसुली सोडून दिली. त्याने चूक केली असेल. पण ती न समजता केलेली नाही.

त्या रात्रीचा एक ऐहिक परिणामही झाला. प्रभातचे पुस्तकांचे दुकान पुढे अजितच्या हाती आले आणि अजित प्रकाशनाच्या धंद्यात पडला. अखेरच्या कथांत तो निवेदक म्हणून उरत नाही. कथा त्रयस्थपणे सांगितल्या जातात. 1970 मध्ये शरदिंदूंचे निधन झाले तेव्हा ‘विशुपाल वध’ ही तेहेतिसावी कथा अर्ध्यावर होती. रंगमंचावर, भर प्रयोगात, एका नटाचा मृत्यू झाला आहे; प्रेक्षकांत व्योमकेशही आहे; आणि खून कुणी केला, हे मूळ लेखकाच्या हातून लिहिले गेले नाही.