हिमालयाची जन्मवेळ सांगणारी वाळू

बाजारात धान्याची रास दिसली की जाणता माणूस चार दाणे तळहातावर घेतो. माल कोणत्या भागातला, त्यात दुसरीकडचा माल मिसळला आहे की काय, हे तो तेवढ्यावरून ओळखतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी वाळूच्या बाबतीत अशीच नजर कमावली आहे. तिच्या जोरावर त्यांनी एक फार जुना प्रश्न सोडवायला घेतला. आपला भारत आशियाला येऊन केव्हा धडकला?

भारताचा भूखंड पूर्वी आशियाला जोडलेला नव्हता. दोघांच्या मधे टेथिस नावाचा समुद्र होता. ज्या लाव्ह्याच्या खडकापासून आपली काळी जमीन तयार झाली, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्या काळी आपला भूखंड उत्तरेकडे सरकतच होता. पुढे समुद्र मिटला, दोन्ही भूखंड एकमेकांना भिडले आणि हिमालय उभा राहिला. पण पर्वतातले खडक दाबाने मुडपले, उष्णतेने बदलले, पावसाने झिजले. त्यांच्यावरून पहिल्या भेटीची वेळ काढणे अवघड. मात्र त्या काळी नद्यांनी समुद्रात नेऊन टाकलेली वाळू थराथरांनी घट्ट होऊन तिचा वालुकाश्म झाला. साक्ष तिथे शिल्लक आहे.

न झिजणारा दाणा

वाळूत बहुतेक दाणे क्वार्ट्झचे म्हणजे गारेचे असतात. त्यांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे थोडे कण सापडतात. ते खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, पण कठीण आणि जड. केरळात चवरा येथील काळसर वाळूतून झिरकॉन काढतात. घरातल्या पांढऱ्या टाइल्सच्या चकाकीसाठीही तो वापरतात. ग्रॅनाइटसारखे खडक तप्त रसातून थिजताना झिरकॉन जन्मतो. पुढे खडक झिजून माती झाला, तरी हा दाणा टिकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स येथे सापडलेला एक झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे.

बंद कणगीचा हिशेब

दाण्याचे वय कसे काढतात? समजा, कणगीत ज्वारी भरून तोंड लिंपले आणि आत सोंडकिडे राहिले. काही महिन्यांनी उघडल्यावर धड दाणे किती आणि पीठ किती, यावरून कणगी किती दिवस बंद होती याचा अंदाज येतो. झिरकॉन जन्मताना युरेनियम आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. आतल्या युरेनियमचे पुढे हळूहळू शिसे होते. किडीचा वेग हवेवर अवलंबून असतो, युरेनियमचा वेग मात्र ठरलेला आहे. त्याच्या मुख्य प्रकाराचे निम्मे शिसे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. तेव्हा दोहोंचे प्रमाण मोजले की जन्मकाळ निघतो.

त्यासाठी वालुकाश्म कुटून बारीक करतात. आपण तांदूळ रोळतो तेव्हा खडा तळाशी राहतो, तसे तो भुगा धुऊन जड कण वेगळे करतात. मग लोहचुंबक आणि जड द्रव वापरून झिरकॉन निवडतात. प्रत्येक दाण्यावर लेसर किरणाने मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा खड्डा पाडून त्याची वाफ यंत्रात मोजतात. मातीच्या तपासणीसाठी एकाच जागेची ओंजळभर माती आपण पाठवत नाही. तसेच इथेही एका दाण्यावर न विसंबता नमुन्यातले शंभराच्या आसपास दाणे तपासतात.

आणखी एक साधा नियम आहे. पोत्यात यंदाची ज्वारी निघाली, तर ते पोते गेल्या वर्षी शिवलेले नाही. तसाच वालुकाश्मही आपल्यातल्या सर्वांत कोवळ्या दाण्याहून जुना असू शकत नाही.

सांगदानलिनचे थर

तिबेटच्या दक्षिण भागात, त्सांगपो म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाच्या दक्षिणेस, सांगदानलिन येथे जुन्या समुद्रतळाचे थर उघडे पडले आहेत. हा भारतीय भूखंडाचा उत्तरेकडचा काठ. तिथल्या खालच्या थरांतली वाळू भारताकडून आलेली आहे. तिच्यातले बरेच झिरकॉन ५० कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत. वरच्या थरांत मात्र माल बदलतो. तिथे १० कोटी वर्षांहून कोवळे दाणे भरपूर सापडतात. असे दाणे तिबेटच्या दक्षिण काठावरच्या गांगदिसे या ज्वालामुखी पट्ट्यातले, म्हणजे आशियाचे.

मधे खोल समुद्र असता, तर आशियाची वाळू भारताच्या काठावर आली नसती. ती आली, म्हणजे तोवर मधला समुद्र मिटला होता. हा बदल सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वी झाला, असे २०१४ आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून दिसते. काही शास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते भारत प्रथम मधल्या बेटांच्या रांगेला धडकला आणि खुद्द आशियाला नंतर. हा वादही आता पुष्कळसा वाळूच्या दाण्यांवरच चालला आहे.

टक्कर संपलेली नाही

भारत आजही वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. त्यातला काही दाब हिमालयाच्या पायथ्याशी साचतो आणि अचानक सुटतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात झालेला ७.८ तीव्रतेचा भूकंप हा त्याचाच प्रकार. आपला भूखंड उत्तरेला अडल्यामुळे त्याच्या पोटातही ताण राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप अशाच ताणातून झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. तिथे माणसे मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली दबून गेली.

भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही. घर कसे बांधायचे, हे मात्र आपल्या हातात आहे. नवे घर बांधताना गवंड्याला दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालायला सांगा. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत नीट गुंतवून घ्या आणि छपरावर मातीचा भार घालू नका. जुने माळवद असेल, तर पावसाळ्यापूर्वी एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवून त्यावरची माती कमी करून घ्या.