बालाघाटाची राखण
(लेखांक सातवा)

मागील दोन लेखांकांत कोकणच्या खाड्या आणि सह्याद्रीचा माथा यांच्या रक्षणार्थ झालेल्या प्रयत्नांचा परामर्श घेऊन आपण 1987-88 सालच्या पश्चिम घाट बचाव पदयात्रेपाशी थांबलो होतो. त्या प्रदेशात ज्याचे रक्षण करावयाचे ते डोळ्यांसमोर उभे असते. अरण्य असते, त्यावर कुऱ्हाड उगारणारा कोणी असतो, आणि मध्ये जाऊन उभे राहिले की मोहिमेला आरंभ होतो. बीड जिल्ह्यात पाऊल टाकताच ही सोयीस्कर मांडणी निरुपयोगी होते. येथे समुद्र नाही. मोठी म्हणावी अशी नदी एक गोदावरी, आणि तीही जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, परक्यासारखी, वाहत जाते. 10,693 चौरस किलोमीटरांच्या या विस्तारात वनाच्छादित भूमी शेकडा तीनाहूनही कमी आहे. जे तोडावयाचे ते पूर्वीच तुटून गेलेले असताना येथील लोकांनी रक्षण करावे ते कशाचे, असा प्रश्न एखाद्या वाचकास पडला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

उत्तर भूगोलात आहे. जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात: गेवराई-माजलगावकडील काळ्या, खोल मातीची गंगथडी, आणि आष्टी, पाटोदा, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूंनी पसरलेला बालाघाटाचा उंचवटा. सह्याद्रीने बहुतेक मेघ अडवून ठेवल्यानंतर जे उरते ते येथे येते. वार्षिक सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तीही चार-सहा मोठ्या पावसांत आटोपते. खाली काळा पाषाण, त्याच्या पोटात पाणी साठविण्यास जागा थोडी, वर वीतभर मुरमाड माती. म्हणजे उतारावर पडलेला पाऊस त्याच दिवशी ओढ्याला, ओढा नदीला, आणि त्याबरोबर ती वीतभर मातीही. पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा एरवी बीड शहरातून कोरडी पडून असते, आणि जुलै 1989 मध्ये हीच नदी एका रात्रीत फुगून शहरातील वस्त्या व माणसे घेऊन गेली. जेथे अवर्षण आणि महापूर एकाच नदीच्या नावे जमा आहेत, तेथे रक्षणाचा विषय एकच राहतो: उतारावरची माती आणि तिच्यावर पडलेले पाणी.

ही जाण अलीकडची नव्हे. बीड शहराच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्याला लागून जी खजाना बावडी आहे, ती 1572 च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, येथील जहागीरदार सलाबतखान याने राजा भास्कर नामक स्थापत्यविशारदाकडून बांधविली. जहागिरीचा सारा खजिना या कामी खर्ची पडला, अशी नावामागची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, काम त्या तोलाचे आहे एवढे नि:संशय. डोंगराच्या अंगाने भूमीत मुरलेले पाणी भुयारी मार्गांनी या विहिरीत उतरते आणि तसेच दुसऱ्या भुयाराने शिवाराकडे जाते. मोट नाही, बैल नाही, केवळ उताराचा हिशेब. परंतु भुयारी पाट हा एकदा बांधून विसरण्याचा पदार्थ नाही. त्यात गाळ बसतो, मुळ्या शिरतात, दगड ढासळतो. बांधणाऱ्याचे नाव इतिहासाने राखले. साडेचारशे वर्षे तो गाळ कोणी उपसला याचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही. प्रस्तुत लेखांकाचा खरा विषय या न ठेवलेल्या दप्तराचा आहे.

मधल्या काळाचा वृत्तांत त्वरेने सांगता येईल. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा दगड फोडीत बसला. सुकडीवर जगलेली ती पिढी अजून हयात आहे, आणि केवळ खडी फोडून काय साधणार, या तिच्याच प्रश्नातून पुढे रोजगार हमीच्या कामांत पाझर तलाव आणि नाला-बांध यांना महत्त्व आले. 1977 साली हमीचा कायदा झाला. अंबाजोगाईस डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये 'मानवलोक' ही संस्था उभारून पाणलोट, शेतमजूर आणि परित्यक्ता स्त्रिया हे तीन प्रश्न एकाच अंगणात आणले; त्यांच्या पत्नी डॉ. शैला लोहिया यांचे स्त्रियांमधील काम त्याच अंगणातले. ओढ्याच्या पात्रातच डोह खोदून त्यात पावसाचे पाणी जिरविण्याचा या संस्थेचा उद्योग दिसावयास साधा. पण पात्र कोणाचे, गाळ कोणी न्यावा, डोहावर मोटर कोणी बसवू नये, हे गावकऱ्यांकडून आधी कबूल करून घेतल्यावाचून तो तडीस जात नाही.

यानंतर 2016 साल आले. शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचविण्याची वेळ आली त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनने महाराष्ट्रातील तीन तालुक्यांत वॉटर कपची पहिली स्पर्धा घेतली, आणि साताऱ्याचे कोरेगाव व अमरावतीचे वरुड यांच्या जोडीस तिसरा तालुका होता अंबाजोगाई. पुढील वर्षी तालुके तीस झाले, नंतर पंचाहत्तर, आणि 2019 मध्ये शहात्तर. नटनट्यांच्या आगमनाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. त्यांहून पाहण्यासारखी वस्तू म्हणजे प्रशिक्षणात गावकऱ्यांच्या हाती आलेला तो हायड्रोमार्कर. दोन काठ्या, दोहोंवर आकडे, आणि त्यांना जोडणारी, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक जण काठी रोवून उभा राहतो. दुसरा नळीच्या तोंडावर अंगठा दाबून उतारावरून पुढे जातो, अंगठा काढतो, आणि दोन्ही बाजूंचे पाणी एकाच आकड्यावर येईतो पाऊल वर-खाली करीत राहतो. आकडा जुळला की तेथे मुठीने फक्की पडते. अशा ठिपक्यांची डोंगराच्या अंगावर जी वळणे घेणारी रेघ उमटते ती सर्वत्र सारख्या उंचीची असते, आणि तिच्यावरून समतल चर खणून माती खालच्या अंगास टाकली की धावणारे पाणी जागीच थबकते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहून गेला तर रेघ कलते, चरातले सारे पाणी एका टोकास गोळा होते, तेथून फुटते, आणि जेथे घळ नव्हती तेथे घळ पडते. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या, कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रीपुरुषांनी ही विद्या चार दिवसांत आत्मसात केली, हे या मोहिमेचे मला सर्वांत मोलाचे फलित वाटते.

पण स्पर्धेचे ते पंचेचाळीस दिवस एप्रिल-मे महिन्यांत का पडले? पावसापूर्वी खणले पाहिजे, हे उघड कारण झाले. बीड जिल्ह्यात याला दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. दसरा-दिवाळी झाली की येथून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि बैलगाडी वा ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे रवाना होतो. फाल्गुन-चैत्रात कारखान्यांचे पट्टे पडले की कोयता परततो. म्हणजे श्रमदानाचा काळ हा नेमका त्यांच्या परतण्याचा काळ. सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात, त्यातही पाण्यावर पोसलेल्या पिकात, कमरेत वाकून आलेली माणसे आठवडाभरात आपल्या गावच्या माळावर टिकाव घेऊन उभी राहिली, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या नावावर त्या माळाखाली एक गुंठाही नव्हता. चरात जिरलेले पाणी प्रथम ज्याची विहीर खाली आहे त्याच्या विहिरीत उतरते. श्रमदान सर्वांचे आणि उतारा एकाचा, हा हिशेब जलसंधारणाच्या उत्साही वर्णनांत क्वचितच मांडलेला आढळतो.

खोदकामाचे एक वेळ या पंचांगाशी जमते. झाडाचे जमत नाही. रोप लावावयाचे आषाढ-श्रावणात, आणि त्यास पाणी घालावयाचे, गुरे हाकावयाची, वणव्यापासून जपावयाचे मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत. म्हणजे गावात म्हातारीकोतारी, लहान पोरे आणि राखणीपेक्षा स्वतःची रब्बी सांभाळण्यात गुंतलेले बागाईतदार एवढेच उरतात तेव्हा. राज्यशासनाने 2016 पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशी चढत्या भाजणीची वृक्षलागवड केली. आकडा लावलेल्या झाडांचा होता, जगलेल्यांचा नव्हे. हाच दोष जलयुक्त शिवार योजनेतही महालेखापरीक्षकांच्या 2020 च्या अहवालाने दाखविला: नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च झाला, परंतु झालेल्या कामांच्या देखभाल-दुरुस्तीची पुरेशी तजवीज नव्हती. उद्घाटनास पाहुणा मिळतो. गाळ काढण्याच्या समारंभास कोणी फीत कापावयास आल्याचे ऐकिवात नाही.

बीडजवळच्या पालवण येथील माळावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली सह्याद्री देवराई या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 रोजी तेथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षस्थान वडाच्या झाडास देण्यात आले. साहित्यसंमेलनांच्या अध्यक्षीय निवडणुकांचा इतिहास ठाऊक असणाऱ्यास ही निवड निर्विवाद वाटावी! विनोद बाजूस ठेवला तर त्या प्रयोगाचे महत्त्व देशी जातींच्या आग्रहात आहे. सरकारी लागवडीत गिरिपुष्पाचे प्रमाण अतोनात असते, कारण गुरे त्यास तोंड लावीत नाहीत आणि आकडा शाबूत राहतो. पण त्याच्या छायेत इतर वनस्पती व पक्षी फारसे नांदत नाहीत. वस्तुतः बालाघाटाने याचे उत्तर आधीच शोधून ठेवलेले आहे. सीताफळ मुरमात उगवते, उन्हाळ्यात पाने टाकून निमूट उभे राहते, शेळीदेखील त्याचा पाला खात नाही, आणि फळाचे पैसे होतात. 2016 साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळाले. डोंगरावर आपण होऊन टिकलेले झाड सोडून, टँकरने पाणी घालून दुसरे जगवीत बसण्याची हौस आपणांस का असावी, हे मला उलगडत नाही.

केनियात वांगारी माथाई यांनी 1977 मध्ये जी हरितपट्टा चळवळ आरंभिली, तिच्यात खेड्यातील स्त्रियांना प्रत्येक रोपामागे अल्पसा मोबदला मिळे, पण तो रोप जगल्यावर. लागवडीचा पैसा आणि राखणीचा पैसा यांतील हा भेद लहान दिसला तरी त्याने हिशेबाची वही उलटी होते. रोजगार हमीतून गावातल्याच कुटुंबांस ठरावीक झाडे तीन वर्षे सांभाळण्याची मजुरी द्यावयाची, असे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत. ज्या घरास ती मजुरी उचलीइतकी खात्रीची वाटेल ते घर एक हंगाम तरी कोयत्यावर जाणार नाही, आणि माझ्या मते बीडपुरते बोलावयाचे तर पर्यावरणाचा प्रश्न येथेच सुटावयाचा किंवा अडावयाचा आहे.

राखणीचा दुसरा, अधिक कठोर पर्याय शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने स्वीकारला: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी. त्याचे यश वादातीत आहे. परंतु तो बीडमध्ये जसाच्या तसा उचलू पाहणाऱ्यास गायरानाचा प्रश्न आडवा येतो. मराठवाड्यातील पुष्कळ गायराने भूमिहीन दलितांनी दगड वेचून कसावयास घेतलेली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून ही मागणी चालत आली, आणि बीड जिल्ह्यात पोतराजाच्या घरी जन्मलेले एकनाथ आवाड (1956-2015) यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे तिला संघटित रूप दिले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. उलटपक्षी 2011 च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, मात्र भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींस रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद राखला. सातबाऱ्यावर नाव चढण्याची वाट पाहणाऱ्या माणसाच्या शेतात उद्या वृक्षारोपणाचा फलक लागला तर तो फलक त्यास बेदखलीच्या नोटिशीसारखा वाटणार, आणि तसे वाटण्यास त्याच्यापाशी सबळ कारण आहे. माळावरच्या झाडास राखणदार हवा आणि माळ कसणाऱ्यास हक्क हवा. हे दोघे एकच माणूस असू शकतात, हे महसूल आणि वन या दोन खात्यांनी एकत्र बसून मान्य केल्याचे उदाहरण मात्र अद्याप विरळाच आहे.

गंगथडीची कथा याहून वेगळी. तेथे राखावयाची आहे ती गोदावरीच्या पात्रातली वाळू, आणि तिच्यामागे लागलेली माणसे पावसाची वाट पाहणारी नाहीत. राक्षसभुवनपासून खाली त्या पात्राचे काय झाले, घाटांचे लिलाव कसे होतात आणि गेवराई तालुक्यातील ग्रामस्थ त्याविरुद्ध कशासाठी उभे राहिले, हे पुढील आठवड्यात.