औषध किराणा दुकानात मिळतं, मग अडतं कुठे? लहान मुलांमधला ‘जीएसडी’ आजार समजून घ्या

रात्री दोनचा अलार्म वाजतो. आई उठते, कॉर्नफ्लॉर मोजते, गार पाण्यात ढवळते आणि झोपेतल्या मुलाला पाजते. सकाळी सहाला पुन्हा तेच.

ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, म्हणजे ‘जीएसडी’चा पहिला प्रकार असलेल्या मुलांच्या घरी रात्र अशी जाते.

नेमकं होतं काय?

जेवणातली जास्तीची साखर आपलं यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि पोट रिकामं झालं की ती रक्तात सोडतं. या मुलांमध्ये साखर सोडणारं एन्झाइमच जन्मापासून काम करत नाही. गोदाम भरलेलं, पण कुलूप उघडत नाही. काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर घसरते, झटके येतात, जिवावर बेतू शकतं. यकृत वाढल्याने पोट पुढे येतं, गाल गुबगुबीत दिसतात. नातेवाइकांना वाटतं, बाळाने छान बाळसं धरलंय!

कच्चं कॉर्नफ्लॉर हळूहळू पचतं आणि साखर टिकवून धरतं. १९८४ पासून हा उपाय वापरात आहे. मंचुरियनमध्ये घालतात तेच हे पांढरं पीठ. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही, आणि शिजवलं की उपयोग जातो. किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. तान्ह्या बाळांना ते पचत नाही, त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं.

साखर, फळं, दूध यांवर कडक बंधनं. त्यात ‘एका पेढ्याने काय होतंय?’ म्हणणारे पाहुणे. वर दोष आईला. खरं तर सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही यावं लागतं, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो.

पीठ स्वस्त आहे. पण साखर तपासायच्या पट्ट्या, शहराच्या फेऱ्या आणि बहुतेकदा आईची सुटलेली नोकरी? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ठरावीक आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईत केईएम हे त्याचं केंद्र. मात्र हा पैसा रुग्णालयाकडे जातो, तोही उपचारांसाठी. बुडालेल्या पगाराचा त्यात हिशेब नाही.

शाळेत अकराचा डोस द्यायला एक बाई तयार झाल्या, तर कदाचित ती नोकरी वाचते.