उरलेल्या आठ गाण्यांची गोष्ट

दोस्तांनो, एक सोपं गणित करा बरं मनात. 27 मधून 19 वजा केले, तर उरले किती? आठ. शाब्बास! पण ही आठ म्हणजे आंबे नाहीत की गोट्या नाहीत. ही आहेत आठ गाणी. एका मोठ्या अल्बममध्ये जागा न मिळालेली, मागे राहिलेली. आता आपण गुप्तहेरांसारखा त्यांचा माग काढू या. कोणतं गाणं कुठे गेलं? कुणी नाव बदललं? कुणी चाल तीच ठेवून शब्द पार बदलून टाकले?

ही गाणी होती बीटल्सची. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातली ही चार मुलं : जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. तुमचे आजी-आजोबा तरुण होते, त्या काळात या चौघांच्या गाण्यांनी जगाला अक्षरशः वेड लावलं होतं.

आणि गंमत म्हणजे आपल्या आठ गाण्यांतल्या काहींचा जन्म भारतात झाला! 1968 च्या फेब्रुवारीत हे चौघे ध्यान शिकायला ऋषिकेशला, महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात आले. तिथे स्टुडिओ नव्हता की चाहत्यांची झुंबड नव्हती. साध्या गिटारी होत्या, शेजारी गंगा होती आणि वेळच वेळ होता. मग काय, गाण्यांवर गाणी सुचत गेली.

रिळावरची कच्ची गाणी

इंग्लंडला परतल्यावर मे महिन्याच्या अखेरीस सगळे जॉर्जच्या घरी जमले. लंडनजवळच्या ईशर गावात त्याचा बंगला होता आणि बंगल्यात होता रिळांचा टेपरेकॉर्डर. त्यावर त्यांनी नवी गाणी कच्ची गाऊन ठेवली. अशा कच्च्या ध्वनिमुद्रणाला डेमो म्हणतात.

हा टेपरेकॉर्डर काम कसं करायचा? टेप म्हणजे प्लास्टिकची लांबच लांब पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची बारीक पूड चिकटवलेली असते. गंजाच्याच जातीची म्हणा ना. आपण माइकसमोर गायलो की आवाजाची वीज होते, त्या विजेने एक छोटंसं चुंबक कमी-जास्त होतं आणि त्याच्यासमोरून सरकणाऱ्या पट्टीवरचे कणही तसेच चुंबकीय होत जातात. आवाजाचा ठसाच उमटतो म्हणा! पट्टी पुन्हा फिरवली की तो ठसा वाचून आवाज परत ऐकू येतो.

जॉर्जच्या यंत्रात एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चार रांगा होत्या. एका रांगेत गायचं, पट्टी मागे न्यायची, ते ऐकत ऐकत दुसऱ्या रांगेत पुन्हा गायचं. म्हणजे स्वतःच्याच आवाजाला स्वतःच साथ द्यायची! ईशरच्या डेमोंमध्ये हे दुहेरी आवाज छान ऐकू येतात.

पुढे 2018 साली हे डेमो प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात 27 गाणी होती. त्यातली 19 तर 1968 मध्येच त्यांच्या अल्बममध्ये गेली होती. 22 नोव्हेंबर 1968 ला आलेल्या या जोडअल्बमचं मुखपृष्ठ पांढरंशुभ्र होतं, म्हणून लोक त्याला ‘व्हाइट अल्बम’ म्हणू लागले. त्यात तब्बल 30 गाणी आहेत.

आणि उरलेली आठ? चला, शोधायला लागू.

पाच गाणी, पाच वाटा

पहिलं ‘सावर मिल्क सी’. हे जॉर्जने आपला मित्र जॅकी लोमॅक्स याला देऊन टाकलं आणि त्याच वर्षी ते लोमॅक्सच्या आवाजात बाजारात आलं. दुसरं ‘जंक’. ते पॉलने जपून ठेवलं आणि 1970 मध्ये स्वतःच्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. तिसरं ‘नॉट गिल्टी’. या बिचाऱ्याचे बीटल्सनी स्टुडिओत शंभरहून जास्त टेक घेतले, म्हणजे ते पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. शंभरहून जास्त! तरीही ते अल्बममध्ये आलं नाही. जॉर्जने ते पुन्हा नव्याने, शांत ढंगात गायलं आणि 1979 मध्ये लोकांपुढे आणलं. चौथं ‘व्हॉट्स द न्यू मेरी जेन’. त्याचा टेप पडून राहिला तो थेट 1996 पर्यंत. पाचवं ‘सर्कल्स’. हे जॉर्जने 1982 च्या अल्बममध्ये घेतलं. मे 1968 ते 1982, म्हणजे किती वर्षं झाली? करा हिशोब. तेवढ्या वर्षांत एखादं बाळ नववीत जातं!

दोन अर्धवट गाण्यांची भावंडं झाली

सहावं आणि सातवं गाणं जॉनचं. एक ‘मीन मिस्टर मस्टर्ड’, एका महाकंजूष माणसाचं. दुसरं ‘पॉलिथिन पॅम’, एका विचित्र कपडे घालणाऱ्या मुलीचं. दोन्ही इवलीशी, जेमतेम मिनिटभराची. एवढ्याशा गाण्याचं करायचं काय?

1969 मध्ये ‘ॲबी रोड’ नावाचा अल्बम करताना बीटल्सना युक्ती सुचली. अशी छोटी-छोटी, अर्धवट राहिलेली गाणी एकापाठोपाठ एक जोडून टाकायची, मध्ये न थांबता! आता नीट लक्ष द्या, कारण इथे एक बारीकशी खूण आहे. ईशरच्या डेमोमध्ये त्या कंजूष माणसाच्या बहिणीचं नाव होतं शर्ली. ‘ॲबी रोड’मध्ये ते झालं पॅम. का बरं? कारण लगेच पुढचं गाणं पॅमचं आहे! एक नाव बदललं आणि एकमेकांशी काही नातं नसलेली दोन गाणी भाऊ-बहीण झाली. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर एकच गोष्ट पुढे चालली आहे.

मोठं काही पाडायचं नाही, नवं काही बांधायचं नाही, फक्त नेमका एक शब्द बदलायचा. कच्च्या गाण्यावर पुन्हा काम करण्याची ही सगळ्यात सुंदर तऱ्हा आहे, असं मला वाटतं.

चाल तीच, गाणं दुसरं

आठवं गाणं सगळ्यात मोठं बहुरूपी. त्याचं नाव ‘चाइल्ड ऑफ नेचर’, म्हणजे निसर्गाचं लेकरू. महर्षींनी निसर्गावर एक प्रवचन दिलं होतं, ते ऐकून जॉनला हे सुचलं. त्यात ऋषिकेशची वाट होती, डोंगर होते, मोकळं आकाश होतं. त्याच प्रवचनावरून पॉललाही एक गाणं सुचलं, ‘मदर नेचर्स सन’. ते ‘व्हाइट अल्बम’मध्ये आलं आणि जॉनचं राहून गेलं.

पण जॉनला आपली चाल फार आवडत होती. 1969 च्या जानेवारीत तालमीच्या वेळी त्याने ती पुन्हा काढली. मात्र ऋषिकेशहून तो नाराज होऊन परतला होता. मग त्याने काय केलं? गाण्यातून ऋषिकेश काढलं आणि तिथे मोरोक्को देशातलं मराकेश शहर बसवलं! म्हणून बघा : ऋ-षि-केश, म-रा-केश. चालीला धक्काही लागला नाही. तरी गाणं पुरं होईना.

शेवटी 1971 मध्ये त्याने सगळेच शब्द बाजूला ठेवले. डोंगर गेले, वाट गेली. त्याच चालीवर त्याने नवंच गाणं लिहिलं. त्यात मत्सरामुळे जिवलग माणसाला दुखावलेला एक जण मनापासून माफी मागतो. हे गाणं म्हणजे ‘जेलस गाय’, मत्सरी माणूस. ते ‘इमॅजिन’ या अल्बममध्ये आलं आणि आज जॉनच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांत गणलं जातं. जुना डेमो आणि हे गाणं पाठोपाठ ऐकलं, तर चाल चटकन ओळखू येते. भाव मात्र अगदी वेगळा!

हे जमतं कसं?

कारण गाण्यातली चाल आणि शब्द एकमेकांपासून सुटे करता येतात. फक्त दोघांची मापं जुळली पाहिजेत. खरं वाटत नाही? मग करूनच बघा. वाढदिवसाच्या गाण्याची चाल तुम्हाला येतेच. त्या चालीवर म्हणा : ‘मला भेंडी नको’. बसलं ना चपखल? आता म्हणा : ‘मला अजिबात भेंडी नको’. अडखळलात! अक्षरं जास्त झाली, चालीत मावेनात. आता हे म्हणून बघा : ‘मला आजी हवी’. पुन्हा नीट बसलं. माप तेच, चाल तीच, पण मघाशी हसू येत होतं आणि आता आजीची आठवण येते. जॉनने मोठ्या प्रमाणावर केलं ते हेच.

चाल आधी सुचली आणि शब्द मागून आले, असं पुष्कळदा होतं. पॉलला एकदा झोपेतून उठताना एक आख्खी चाल सुचली. ती इतकी सहज आली होती की, ही आपण कुणाची तरी ऐकलेली तर नाही ना, अशी शंका त्याला आली आणि भेटेल त्याला तो ती ऐकवून विचारत सुटला. कुणालाच ती ओळखता येईना, तेव्हा त्याला पटलं की चाल आपलीच. पण शब्द? चाल विसरू नये म्हणून त्याने त्यावर अंड्याच्या भुर्जीबद्दल काहीतरी गमतीचे शब्द बसवले. शिंपी पक्की शिलाई घालण्याआधी कच्चे टाके घालतो ना, तसे. खरे शब्द त्याला 1965 च्या मे महिन्यात पोर्तुगालच्या प्रवासात सुचले. ते गाणं म्हणजे जगप्रसिद्ध ‘यस्टरडे’. कच्चे टाके उसवले, भुर्जी गेली आणि एक हळवं गाणं तयार झालं.

आपल्याकडे चित्रपटांची गाणी करतानाही हे चालतं. संगीतकार आधी चाल बांधतो आणि गीतकाराला चालीचं माप, म्हणजे मीटर, कळावं म्हणून त्यावर काहीबाही शब्द गाऊन दाखवतो. त्यांना डमी शब्द म्हणतात.

यंत्राने आवाज सोडवला

आता सगळ्यात नवी करामत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जॉनने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी पियानो वाजवत एक कच्चं गाणं कॅसेटवर गाऊन ठेवलं. 1980 मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे 1994 मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिने त्याच्या काही कच्च्या गाण्यांच्या कॅसेट पॉलला दिल्या. त्यातल्या दोन गाण्यांवर उरलेल्या तिघांनी काम केलं आणि 1995 मध्ये ‘फ्री ॲज अ बर्ड’, 1996 मध्ये ‘रिअल लव्ह’ ही गाणी आली. तिसरं, म्हणजे आत्ता सुरुवातीला सांगितलेलं गाणं मात्र अडलं. त्यात पियानो जॉनच्या आवाजावर चढत होता. शिवाय सतत एक घरघर येत होती. ती होती विजेची! अमेरिकेत घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला 60 वेळा हेलकावतो, आपल्याकडे 50 वेळा. तोच हेलकावा कॅसेटवर घरघर होऊन उतरला होता.

एकदा मिसळलेले आवाज वेगळे कसे करायचे? प्रत्येक आवाजात एक मूळ सूर असतो आणि त्याच्यावर कितीतरी बारीक उपसूर असतात. माणसाच्या गळ्यातले उपसूर वेगळे, पियानोच्या तारेचे वेगळे. म्हणून तर डोळे मिटूनही तुम्ही आईचा आवाज आणि पेटी यांत गल्लत करत नाही. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन याच्या गटाने संगणकाला हाच फरक ओळखायला शिकवलं. मग 2022 मध्ये त्या कॅसेटमधून जॉनचा आवाज स्वच्छ, सुटा निघाला!

जॉर्ज 2001 मध्ये वारला होता, पण त्याने 1995 मध्ये या गाण्यासाठी वाजवलेली गिटार जपलेली होती. ती घेतली. पॉल आणि रिंगोने नवं वादन, गायन केलं. बीटल्सच्या तीन जुन्या गाण्यांतले एकत्र गायलेले आवाजही आत विणले. जॉनच्या मसुद्यातला एक तुकडा गाळलासुद्धा. 2 नोव्हेंबर 2023 ला ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झालं आणि 2025 मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता तुमची पाळी

या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी ते कच्चं काम फेकून न देता ठेवलं होतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बीटल्सच्या गाण्यांचे हस्तलिखित कागद आहेत. त्यातलं एक गाणं तर जॉनने आपल्या लेकाच्या वाढदिवसाच्या कार्डामागे लिहिलेलं आहे. असल्या चिटोऱ्यांमुळेच गाणं कसं घडलं, हे आज कळतं.

म्हणून, मुलांनो, एक वही करा. अर्धी कविता, एखादी गमतीची ओळ, न जमलेली गोष्ट, सगळं तिच्यात लिहा आणि बाजूला तारीख घाला. चाल सुचली तर घरच्या फोनवर गुणगुणून ठेवा. एखादा शब्द आवडला नाही तर त्याच्यावर एकच रेघ मारा; खालचा शब्द वाचता आला पाहिजे. पान मात्र फाडू नका. आणि दर परीक्षेनंतरच्या सुट्टीत ती वही उघडून जुनं काही नव्याने करता येतं का, ते जरूर बघा.