मोठा मासा ठेवावा की सोडावा?

गळ टाकून छंद म्हणून मासेमारी करणाऱ्यांच्या जगात 'मानाचा मासा' ही एक ठरलेली कल्पना आहे. आपल्या जातीच्या सरासरीहून कितीतरी मोठा, वजन करून, छायाचित्र काढून मिरवावा असा तो मासा असतो. तो घरी न्यावा की पुन्हा पाण्यात सोडावा हा प्रश्न त्या जगात सहसा एका माणसाच्या विवेकावर सोपवलेला असतो. पालघर जिल्ह्यातील चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, नरपड, बोर्डी आणि पुढे गुजरातच्या हद्दीला टेकलेले तलासरी तालुक्यातील झाई या किनाऱ्यावर मात्र तोच प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो, कारण येथे मासा एकट्याच्या गळाला लागत नाही, तर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि खलाशी मिळून ओढतात त्या जाळ्यात येतो, आणि त्याच्या किमतीत डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती आणि प्रत्येकाचा वाटा आधीच गुंतलेला असतो. अशा वेळी मोठ्या माशाचे काय करायचे हे कायदा, बाजारभाव आणि माशाच्या शरीराची रचना या तिन्हींवर अवलंबून राहते; यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची चर्चा पुष्कळ होते, तिसरीची जवळजवळ होत नाही.

कायद्याची बाजू तुलनेने सरळ आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा, जो पाण्यातील सूक्ष्म प्लवके आणि बारीक जीव गाळून खातो आणि माणसाला कोणताही उपद्रव देत नाही, त्याला २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या प्राण्यांच्या यादीत, घेण्यात आले. त्याच वर्षी करवत मासा आणि शार्क-पाकटांच्या वर्गातील आणखी काही जातीही त्या यादीत आल्या. समुद्री कासवांना हे संरक्षण आहेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे, त्यामुळे असा जीव जाळ्यात आला तर तो ठेवण्याचा पर्याय उरतच नाही. परंतु कित्येक टनांचा व्हेल शार्क जाळ्यातून जिवंत सोडायचा म्हणजे जाळे कापावे लागते, आणि कापलेले जाळे हा त्या हंगामातील मोठा भुर्दंड असतो. ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव सोडताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. जाळे कापून जीव मुक्त केल्याचे चित्रण पुरावा म्हणून सादर करायचे आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत रक्कम मिळवायची, अशी तिची पद्धत आहे. ही भरपाई जाळ्याची आहे, माशाची नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या माशाला कायदेशीर बाजारच नाही, त्याच्या बाबतीत एवढी तरतूद पुरेशी ठरू शकते, पण ज्याला सोन्याचा भाव आहे त्याच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे.

सोन्याचा भाव असलेला तो मासा म्हणजे घोळ. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाळी बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत पालघर तालुक्यातील मुरबे गावच्या एका बोटीला वाढवणसमोरच्या खोल समुद्रात एकाच वेळी १५७ घोळ मिळाल्या आणि त्यांचा लिलाव सुमारे एक कोटी ३३ लाख रुपयांना झाला. म्हणजे एका माशामागे सरासरी ८५ हजार रुपये पडले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २२ ऑगस्टला होती आणि ही पकड २८ ऑगस्टची, त्यामुळे किनाऱ्यावर तिची चर्चा दर्यादेवतेच्या कृपेच्या भाषेत झाली, यात नवल नाही. ही किंमत मांसाची नाही, जरी ते मांस चविष्ट असले तरी. किंमत आहे ती पोटातील 'भोता'ची. भोत म्हणजे माशाच्या पाठीच्या कण्याखाली असलेली वायूने भरलेली पिशवी, जिच्या साहाय्याने मासा पाण्यात वर-खाली न जाता आपली पातळी राखतो. वाळवलेल्या भोताला हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनमध्ये मेजवानीचा आणि औषधी पदार्थ म्हणून मोठी मागणी आहे. माशांच्या भोतापासून काढलेला जिलेटिनसारखा पदार्थ मद्य नितळ करण्यासाठीही वापरला जातो.

घोळ ज्या कुळातील आहे त्या कुळातील मासे भोताभोवतीच्या स्नायूंच्या झटक्यांनी ढोलासारखा आवाज काढतात, आणि मलेशियात पूर्वी पाण्यात बुडी मारून या आवाजावरून थवा हेरणारे तज्ज्ञ मच्छीमार असत. थव्याने जमणे हा या माशाचा स्वभाव आहे, आणि तोच त्याचा घातही आहे, कारण जो मासा एरवी समुद्रभर विखुरलेला असतो तो एका जागी आला की एकाच ओढीत सापडतो.

आता तांडेलाच्या मनात आले की यांतील मोठ्या माद्या सोडून द्याव्यात, तर काय होईल? येथे माशाच्या शरीराचा प्रश्न पुढे येतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे दहा मीटरवरून पृष्ठभागावर आणलेल्या माशाच्या भोतातील वायू दुप्पट, आणि तीस मीटरवरून आणलेल्या माशाच्या भोतातील वायू चौपट होऊ पाहतो. काही माशांमध्ये भोतापासून घशाकडे जाणारी नळी असते आणि ते जादा वायू ढेकरेसारखा सोडू शकतात. घोळीचे भोत मात्र बंद असते आणि त्यातील वायू रक्तावाटे सावकाश कमी-जास्त होतो, ज्याला जाळे ओढण्याची काही मिनिटे पुरत नाहीत. डेकवर आलेल्या अशा माशाचे पोट टम्म फुगते, जठर उलटून तोंडातून बाहेर डोकावते, डोळे खोबणीतून पुढे येतात, आणि तो पुन्हा पाण्यात टाकला तरी खाली जाऊ न शकल्यामुळे पोट वर करून तरंगत राहतो, जोवर घारी आणि मोठे मासे त्याचा समाचार घेत नाहीत. भोत फुटलेले असेल तर आतल्या रक्तस्रावाने तो बाहेरून धडधाकट दिसूनही मरतो. म्हणजे ज्या अवयवामुळे हा मासा मौल्यवान ठरला, त्याच अवयवामुळे तो सोडून देणे बहुतेक वेळा व्यर्थ ठरते.

हे अनुमान नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलियात हाच मासा, शास्त्रीय नावाने प्रोटोनिबिया डायाकँथस, 'ब्लॅक ज्यूफिश' म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथील शौकीन गळकऱ्यांचा तो मानाचा मासा आहे. तेथील मत्स्यशास्त्रज्ञांनी सोडलेल्या माशांची तपासणी केली तेव्हा दहा-पंधरा मीटरपेक्षा खोल पाण्यातून वर आणलेल्या माशांना दाबाच्या इजा होतात आणि खोली वाढेल तशा त्या प्राणघातक ठरतात, असे दिसून आले. म्हणून तेथे गळकऱ्यांना दिलेला सल्ला 'पकडा आणि सोडा' असा नाही, तर ठरलेले मासे मिळाले की गळ आवरा आणि जागा बदला, असा आहे. केप यॉर्क द्वीपकल्पाच्या उत्तर टोकावरील मूळनिवासी समाजाला १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यासमोर जमणाऱ्या थव्यांतील मासे लहान होत चालल्याचे जाणवले, तेव्हा त्यांनी आपणहून दोन वर्षे त्या ठिकाणची या माशाची मासेमारी थांबवली. निर्णय माशागणिक घेतला गेला नाही; जागेचा आणि काळाचा घेतला गेला. डहाणूच्या संदर्भात हे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते, कारण जाळे पाण्यात पडल्यावर जो विवेक दाखवता येत नाही तो पडण्यापूर्वी दाखवता येतो.

मोठा मासा जगवण्याचा आग्रह का, याचेही उत्तर देणे भाग आहे, कारण 'तो तर म्हातारा, लहानांना वाढू द्यावे' हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ३४२ सागरी जातींच्या अंड्यांच्या आकडेवारीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की बहुतेक जातींत मादीचे वजन दुप्पट झाले तर अंडी दुपटीहून अधिक होतात. अटलांटिक कॉड जातीची ३० किलोची एक मादी, दोन-दोन किलोच्या २८ माद्या मिळून जेवढी अंडी घालतात त्यांहून अधिक अंडी घालते, जरी त्या २८ माद्यांचे एकत्र वजन ५६ किलो भरत असले तरी. बाजारात गाभोळीने भरलेली मोठी मादी अधिक भावाने जाते; समुद्राच्या हिशेबात ती उद्याच्या अनेक हंगामांचे भांडवल असते.

खाडीत गळ टाकणाऱ्यासाठी मात्र वस्तुस्थिती बरीच अनुकूल आहे. रायगडात जिताडा म्हणून ज्याचे कौतुक होते तो मासा खाड्यांतल्या उथळ पाण्यात राहतो, त्यामुळे दाबाच्या इजेचा प्रश्न जवळजवळ येत नाही. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी बनतो, म्हणून फार मोठा जिताडा हा बहुधा मादीच असतो. क्वीन्सलंडमध्ये जिताड्याला ५८ सेंटिमीटरची किमान आणि १२० सेंटिमीटरची कमाल अशा दोन्ही मर्यादा आहेत, म्हणजे मधल्या आकाराचा मासा ठेवता येतो, पण लहान आणि अतिमोठा दोन्ही सोडावे लागतात. सोडताना मासा कोरड्या हातांनी किंवा फडक्याने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जंतूंपासून त्याचे रक्षण करतो आणि तो पुसला गेला की जखम चिघळते. जबड्याला धरून मोठा मासा हवेत लोंबकळू देऊ नये, कारण पाण्याने तोललेले त्याचे वजन एकदम मणक्यावर आणि जबड्यावर येते. आणि छायाचित्राचा मोह असेल तर तो मासा पाण्यातच ठेवून भागवावा. गळ खोल गिळला असेल तर तो ओढून काढण्यापेक्षा दोरी कापणे बरे.

याच पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या मंदिराजवळ मोठमोठे महसीर मासे निर्धास्त फिरताना दिसतात, कारण ते देवाचे मासे मानले जातात आणि त्यांना कोणी धरत नाही. महसीर हा गळकऱ्यांचा मोठा मानाचा मासा मानला गेला; १९४६ साली म्हैसूर भागात काबिनी नदीत पकडलेला १२० पौंडांचा महसीर आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. तिळशाच्या डोहात ठेवावा की सोडावा हा प्रश्नच उपस्थित होत नाही, आणि तो न होण्याचे कारण पुन्हा तेच आहे: तेथे एकेक मासा नव्हे, तर डोहच्या डोह वर्ज्य केला आहे.

समुद्रात असे डोह आखणे सोपे नाही. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी कोणत्या एका माशाचा विचार करून ठरलेली नाही. ती नारळी पौर्णिमेपर्यंत वा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांची मागणी जुनी आहे. ज्या वाढवणसमोर घोळीचा तो प्रसिद्ध थवा सापडला, तेथे होणाऱ्या सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असून त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव प्रस्तावित आहे. त्याला स्थानिक मच्छीमारांचा तीव्र विरोध राहिला आहे, आणि जागा राखून ठेवण्याविषयीची कोणतीही बोलणी यापुढे या वास्तवाला धरूनच करावी लागतील.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले, ज्यात पापलेटासाठी १३५ आणि बोंबिलासाठी १८० मिलिमीटर अशी मापे आहेत. याहून लहान मासा पकडणे आणि विकणे दोन्ही निषिद्ध आहे. हा नियम आवश्यकच होता, परंतु तो खालच्या टोकाचा आहे. क्वीन्सलंडच्या जिताड्यासारखी वरची मर्यादा या यादीत नाही. ती घालणे कागदावर सोपे असले तरी घोळीच्या बाबतीत तिचा अर्थ मेलेली, लाखाच्या घरातली मादी समुद्रात फेकणे असाच होईल, आणि तसे कोणी करणार नाही, करूही नये. त्यामुळे विचार पुन्हा जाळ्याच्या आसाकडे, म्हणजे त्याच्या एका घराच्या मापाकडे, येतो. उभ्या भिंतीसारखे पाण्यात सोडलेले दालदी जाळे माशाला कल्ल्यांपाशी अडकवते, म्हणून आसाहून बारीक मासा आरपार निघून जातो आणि फार जाड मासा आत डोके खुपसूच शकत नसल्याने, गुरफटला नाही तर, सुटतो. आस वाढवला की लहान मासा वाचतो, पण जाळ्याच्या तावडीत अधिक मोठ्या माद्या येऊ लागतात; आस कमी केला की उलट होते. कोणत्या मोसमात, किती वाव खोल पाण्यात, कोणत्या आसाचे जाळे न्यायचे हे बंदीच्या दोन महिन्यांत, जाळी तुणली जात असतानाच ठरते, आणि मोठी घोळ ठेवायची की सोडायची याचा खरा निर्णय त्याच वेळी, सहसा त्या नावाने न ओळखला जाता, घेतला जातो.