कटान : देवाणघेवाणीचा डाव

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मुघलकाळात वैभव आले, त्यात सुरत-आग्रा व्यापारमार्गावरील स्थानाचा वाटा मोठा होता. आपले कापड द्यावे आणि आपल्यापाशी नाही ते घ्यावे, हे तिथल्या पेठेचे सूत्र. जर्मन रचनाकार क्लाउस टॉयबर यांचा १९९५ साली आलेला ‘कटान’ हा पटावरील खेळ याच सूत्रावर उभा आहे.

पटावर १९ षटकोनी भूखंड असतात. ३ किंवा ४ खेळाडू त्यांच्या कोपऱ्यांवर वस्त्या आणि कडांवर रस्ते बांधतात. दोन फाशांची बेरीज भूखंडावरील अंकाशी जुळली, की त्यालगतच्या वस्तीला लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज यांचा पत्ता मिळतो. म्हणूनच ६ आणि ८ या अंकांशेजारची जागा मोलाची. ७ पडल्यास मात्र लुटारू एक भूखंड अडवतो आणि ७ हून अधिक पत्ते बाळगणाऱ्याला निम्मे गमवावे लागतात. त्यामुळे साठ्यापेक्षा सौदा शहाणपणाचा. बँक ४ सारख्या पत्त्यांच्या बदल्यात एकच देते. शेजारी बहुधा त्याहून कमीत देतो. वस्तीचा १ गुण, शहराचे २. आपल्या पाळीत १० गुण गाठणारा प्रथम खेळाडू विजयी ठरतो.

मात्र आघाडीवरच्याशी सौदा करायला सहसा कोणी धजत नाही. म्हणून जिंकायचे असेल, तर इतरांनाही थोडे कमावू द्यावे लागते.